वाऱ्याच्या उलट गेलेली हाक

आधीच सांगून ठेवते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. नव्हते, आणि आजही नाही. पुण्यात फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं, लग्न करून इथे इंग्लंडला आले, आल्या वर्षीच नोकरीला लागले आणि जन्मभर आकड्यांशी भांडत बसले. आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकात दर वर्षी येणारे ते अनुभव... पांढऱ्या साडीतली बाई, बंद खोलीतले घुंगरू... मी वाचते आणि चक्क हसते. संपादकबाईंनी "तुमचा तो स्कॉटलंडचा अनुभव द्या ना" म्हणून इतके फोन केले की शेवटी लिहायला बसले. पण एक अट आहे. वाचून झाल्यावर मला कोणी "योगायोग असेल हो" म्हणायचं नाही. हा शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

तर १९८८ सालचा ऑक्टोबर. आम्ही तेव्हा बेझिंगस्टोकला राहत होतो. हे साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात ॲनेस्थेटिस्ट, मी ब्रॅकनेलला नोकरीला. दोघांनी दोन दिशांना गाडी हाणायची, म्हणून मधलं गाव. ह्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली. तेही सांगेन, पण शेवटी.

माझी कंपनी लहानशी होती, हवामान मोजायची उपकरणं बनवणारी. बॉस होता जेफ्री. उंच, गुलाबी, कायम नाकाने कांदे सोलणारा. मीटिंगमध्ये मी काही बोलले की तो आधी खिडकीबाहेर बघायचा, मग तेच वाक्य स्वतःचं म्हणून बोलायचा. त्याला शिकारीचा नाद. त्या नादातून त्याने एक डबी काढली, कॅल्क्युलेटरएवढी, डोंगरात लांबून बंदूक मारणाऱ्यांसाठी.

थोडं फिजिक्स सहन करा. गोळी सुटली की हवा तिला अडवते आणि ती खाली पडत जाते. खालच्या दाट हवेत जास्त पडते, उंचावरच्या पातळ हवेत कमी. शिवाय वारा, थंडी, चढ-उतार. आमच्या डबीत अंतर, तापमान आणि हवेचा दाब घातला की बंदुकीवरची दुर्बीण किती टिचक्या वर फिरवायची ते ती सांगायची. आतला प्रोग्रॅम माझा.

मी म्हटलं होतं, दाब मोजणारा सेन्सर डबीतच बसवा. जेफ्री म्हणाला, महाग पडतो, माणूस दाब हाताने घालेल. मी म्हटलं, मग बटणाशेजारी स्पष्ट छापा, 'तुम्ही जिथे आहात तिथला दाब'. कारण रेडिओवर सांगतात तो आकडा किंवा घराच्या भिंतीवरचं बॅरोमीटर दाखवतं तो आकडा समुद्रसपाटीला जुळवून घेतलेला असतो. डोंगरावरचा खरा दाब त्याच्यापेक्षा कितीतरी कमी. खालचा आकडा घालून वर गोळी मारलीत तर डबीला वाटणार हवा दाट आहे, ती नेम जास्त उचलायला सांगणार, आणि गोळी जनावराच्या डोक्यावरून जाणार. जेफ्री हसला. "माय डिअर, एवढं कोण वाचतं?" डबीवर नुसतं 'प्रेशर' छापलं गेलं. चढावर मारताना नेम उलट खाली घ्यावा लागतो, तेही बटण त्याने काढून टाकायला लावलं. गिऱ्हाईक गोंधळतं म्हणे!

आता ही डबी खऱ्या डोंगरावर चालवून बघायची म्हणून जेफ्रीने हायलँड्समधल्या एका इस्टेटीवर चार दिवसांची शिकार ठरवली. इन्व्हरनेसच्याही पश्चिमेला, जिथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. "तुझ्या मिस्टरांनाही आण," म्हणाला. हे लगेच तयार झाले. ह्यांना प्राणी मारण्यात काडीचा रस नव्हता, पण डोंगर म्हटलं की वेडे व्हायचे.

इथे एक गमतीची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे ती गमतीची राहत नाही. मी ह्यांना कधी नावाने हाक मारली नाही. सगळ्या मैत्रिणी नवऱ्याला अरेतुरे करायच्या, मला नाही जमलं. आमच्या घरात 'अहो'च. कंपनीच्या ख्रिसमस पार्टीत ऐकून ऐकून जेफ्रीची समजूत झाली की ह्यांचं नावच 'आहो' आहे. "हाऊ इज मिस्टर आहो?" असं विचारायचा. ह्यांनी कधी त्याची चूक सुधारली नाही. उलट घरी येऊन हसत बसायचे.

आणि माझं ठरलेलं एक वाक्य होतं, "अहो, खाली बसा!" ह्यांना टीव्हीसमोर उभं राहून बातम्या बघायची सवय. बातम्या सुरू झाल्या की माझ्या समोर ह्यांची पाठ. मग मी सोफ्यावरून खेकसायची, हे मुकाट्याने बसायचे. वीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेन देव जाणे. देव असेल तर.

त्या दिवशी सकाळी लॉजमध्ये नाश्त्याला जेफ्री ह्यांना म्हणाला, "डॉक, समोरच्या डोंगरावर मागच्या वाटेने चढ. माथ्यावरून तीन तळी दिसतात. आम्ही आज त्या डोंगराकडे फिरकणार नाही, पलीकडच्या डोंगरावर आहोत." हे बोलणं झालं तेव्हा मी वर खोलीत जाड मोजे शोधत होते, मला ते नंतर कळलं. मला वाटत होतं हे पुस्तक घेऊन तळ्याकाठी बसणार. मी खाली आले तेव्हा हे चहाचा फ्लास्क घेऊन निघून गेले होते, डोक्याला मी विणलेली लाल कानटोपी घालून.

मग वारा फिरला. हरणांच्या शिकारीत वाऱ्यावर सगळं असतं. वारा जनावराकडून आपल्याकडे यायला हवा, नाहीतर त्याला आपला वास जातो, आवाज जातो. आमच्याबरोबर इस्टेटीचा शिकारी होता, कॅलम. तो म्हणाला, आता पलीकडचा डोंगर उपयोगाचा नाही, समोरच्यावर जावं लागेल, पुढच्या बाजूने. आणि त्याने जेफ्रीला सरळ विचारलं, "आज तिकडे कोणी फिरायला गेलंय का?"

"नोबडी," जेफ्री म्हणाला.

माझ्या कानांनी ऐकलंय मी हे. अर्ध्या तासापूर्वी स्वतःच्या तोंडाने ज्याला तिकडे पाठवलं, तो माणूस ह्याच्या हिशेबात नव्हताच. खोटं बोलला नाही तो. विसरला. खोटं बोलला असता तर मला कमी राग आला असता.

निघताना लॉजच्या हॉलमध्ये भिंतीवर पितळी बॅरोमीटर होतं, त्यावर टकटक करून जेफ्रीने दाब वाचला आणि डबीत घातला. मी म्हटलं, "जेफ्री, हा समुद्रसपाटीचा आकडा आहे. वर जाऊन माझ्या खिशातल्या बॅरोमीटरवर बघू." तो म्हणाला, "कम ऑन, प्रेशर इज प्रेशर." प्रेशर इज प्रेशर! हवामानाची उपकरणं विकणारा माणूस!

तीन तास चढलो. शेवटचा भाग तर पोटावर सरपटत, हेदरच्या ओल्या झुडपांमधून, तोंडावर वारा घेत. मी पंचेचाळिशीची बाई, उसन्या वॉटरप्रूफमध्ये, कोपरं सोलून निघालेली. शेवटी कॅलमने हात वर केला. समोर चढावर, खूप लांब, एक स्टॅग उभा होता. मोठी शिंगं, सांबरासारखा. त्याच्या मागे लगेच डोंगराची धार, आणि धारेवर ढग टेकलेला. करडा, घट्ट, भिंतीसारखा.

कॅलम कुजबुजला, "नो. खूप लांब आहे. आणि ढगात गोळी मारायची नाही. मागे काय आहे ते दिसत नाही."

जेफ्री म्हणाला, लांबूनच मारायला आलोय आपण, त्यासाठीच डबी आहे. बंदूक त्याची स्वतःची होती. त्याने डबी बघून दुर्बिणीच्या टिचक्या फिरवल्या. मी त्याच्या बाजूलाच पालथी. खिशातलं बॅरोमीटर काढून त्याच्या नाकासमोर धरलं. त्याच्या आकड्यात आणि माझ्या आकड्यात नव्वदच्या वर मिलिबारचा फरक. "वर जाईल गोळी," मी म्हटलं. "दाबामुळेही वर आणि चढामुळेही वर."

"शश!" म्हणाला. मला! लहान मुलाला गप्प करतात तसं.

तेवढ्यात स्टॅगने मान उचलली. पण आमच्याकडे बघितलं नाही त्याने. त्याने मागे बघितलं, ढगाकडे. कॅलमच्या लगेच लक्षात आलं. "डोन्ट," तो म्हणाला, "त्याच्या मागे काहीतरी आहे—"

आणि जेफ्रीने चाप ओढला.

गोळी स्टॅगच्या पाठीवरून गेली आणि सरळ ढगात घुसली. स्टॅग पळाला, पण जरा पुढे जाऊन थबकला. जेफ्रीने शिवी हासडून दुसरं काडतूस चढवलं. आणि त्याच वेळी धारेवरचा ढग जरा फाटला. अगदी जरासा. त्यातून मला लाल कानटोपी दिसली.

मी उभी राहिले. शिकारीत उभं राहत नाहीत, बोलत नाहीत, खोकतसुद्धा नाहीत, सगळं सांगून झालं होतं. खड्ड्यात गेली शिकार! मी घशाच्या शिरा ताणून ओरडले, "अहो, खाली बसा!"

कॅलमने झडप घालून बंदुकीची नळी हेदरमध्ये दाबली. दुसरा बार झालाच नाही. मी एकदाच ओरडले. एकदाच. आणि हे? हे खाली बसले नाहीत. लाल टोपी तशीच ढगातून बाहेर आली, हात हलवत, ठेचकाळत, आमच्या दिशेने उतरायला लागली. माझी हाक ह्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. कशी पोचेल? वारा तिकडून इकडे, पावसाच्या सरींसारखा तोंडावर मारत होता.

मी पळत वर गेले. कशी गेले माहीत नाही. ह्यांचा चेहरा पांढराफटक, टोपीवर खडकाचा भुगा, कोटाच्या पुढच्या भागावर चहा सांडलेला. आणि हे काय म्हणाले? "तुला कळलं कसं गं, मी तिथे आहे ते?"

मला काही समजेना. हे म्हणाले, "तू ओरडलीस ना! 'अहो, खाली बसा!' अगदी तुझ्या त्या टीव्हीच्या आवाजात. मी उभा राहून चहा पीत होतो. सवयीने बसलो, काही विचार न करता. चहा अंगावर सांडला. आणि बसलो न बसलो तोच डोक्यावरून काहीतरी कडाडत गेलं आणि मागचा खडक फुटला."

मी म्हटलं, "बार झाला आणि मग मी ओरडले."

"नाही. तू आधी ओरडलीस. मग बार."

"मग बार झाल्यावर काही ऐकू आलं?"

"काही नाही. नुसता वारा. म्हणून तर उठून बघायला आलो, तू कुठे आहेस ते."

कॅलम आणि मी ह्यांच्याबरोबर त्या जागेवर गेलो. ढगात एक मोठा खडक, त्याच्या पायथ्याशी हे उभे होते तिथे फ्लास्क पडलेला. खडकावर ताजा पांढरा टवका. ह्यांना त्याच्यापुढे उभं केलं. टवका बरोबर छातीवर आला. मी ह्यांच्या कोटाला धरून उभी राहिले आणि रडले. रागाने रडले, हेही लिहिते. कॅलमने टोपी काढली. मग मला म्हणाला, "यू शाउटेड आफ्टर. मी शपथेवर सांगेन. तू ओरडलीस तेव्हा गोळी सुटून गेलेली होती."

आता हिशेब बघा. गोळी आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगाने जाते. बार झाला त्याच क्षणी जरी मी ओरडले असते, तरी गोळी आधी पोचली असती. मी तर नंतर ओरडले, वाऱ्याच्या तोंडावर, आणि एवढ्या अंतरावरून. आणि 'आठवणीत पुढचं मागचं होतं' असं मला समजावू नका. बरेच शहाणे समजावून गेलेत. आठवणीत पुढचं मागचं होईल. पण गोळी आली तेव्हा हे बसलेले होते, हे खरं ना? खडक तर खोटं बोलत नाही? मग ह्यांना बसवलं कोणी? त्या अख्ख्या डोंगरावर 'अहो' म्हणणारी मी एकटी होते.

आणि जेफ्री! तो मागून धापा टाकत आला. टवका बघितला. ह्यांच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाला, "यू गेव्ह अस क्वाइट अ फ्राइट, डॉक! ऑल्स वेल. नो हार्म डन, एह?"

नो हार्म डन. हे शब्द मी मरेपर्यंत विसरणार नाही. सॉरी नाही. चुकलो नाही. आम्ही त्याला घाबरवलं म्हणे! मी त्याला डोंगरावर उभं राहून जे बोलले ते अर्धं मराठीत होतं, पण त्याला सगळं समजलं असावं, कारण गुलाबी तोंड जांभळं झालं. रात्री जेवताना मात्र साहेब परत रंगात. ह्यांचा किस्सा ऐकून म्हणतो, "तुम्हा लोकांत असतं ना हे टेलिपथी वगैरे. मार्व्हलस!" म्हणजे स्वतःची चूक गेली चुलीत, आणि माझा नवरा झाला पूर्वेकडचा चमत्कार. वर ब्रॅकनेलला परतल्यावर ऑफिसात सांगितलं की प्रोग्रॅममध्ये दोष होता. माझ्या प्रोग्रॅममध्ये! मी त्याच आठवड्यात राजीनामा त्याच्या टेबलावर आपटला. मेला अजूनही दर ख्रिसमसला कार्ड पाठवतो.

आपल्या लोकांनी तरी काय कमी वात आणला? वेम्बलीच्या मावशी म्हणाल्या, "कुलदेवीनेच तुझा आवाज काढला गं, ओटी भर." मी म्हटलं, देवीला एवढं येतं तर जेफ्रीच्या कानात का नाही ओरडली? एकाच हाकेत काम झालं असतं. त्या महिनाभर बोलल्या नाहीत माझ्याशी.

आम्ही दोघांनी प्रयोगही केले. हसू नका. घराजवळच्या टेकडीवर, वाऱ्याच्या दिवशी, मी खाली आणि हे वर. मी हाका मारायच्या आणि ऐकू आली की ह्यांनी हात वर करायचा. एकदाही हात वर झाला नाही. कुत्री फिरवणारे लोक मात्र थांबून बघायचे. शेवटी हे खाली येऊन म्हणाले, "जाऊ दे. गरज असेल तेव्हा पोचेल." मला ते वाक्य आवडलं नाही. फिजिक्समध्ये गरज नावाची राशी नसते.

आता ते, जे शेवटी सांगेन म्हटलं होतं.

१९९६ सालचा फेब्रुवारी. एक साधी सकाळ. हे साउथहॅम्प्टनला जायला निघाले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा आला, आणि हे परत दार उघडून आत आले. मी ओटा पुसत होते.

"हाक मारलीस का?" म्हणाले.

"नाही हो. मी कशाला मारू?"

हे जरा उभे राहिले. "मला वाटलं, 'खाली बसा' म्हणालीस."

"काहीतरीच! टीव्ही तरी लावलाय का? निघा आता, मोटरवेला गर्दी होईल."

हे हसले आणि गेले.

दुपारच्या आधी दारात पोलीस बाई उभी होती. फार चांगली मुलगी, टोपी काखेत धरून बोलत होती. ह्यांच्या छातीत कळ आली तेव्हा ह्यांनी गाडी नीट कडेला घेतली होती, दिवे लावले होते, दुसऱ्या कोणाला काही झालं नाही. तिचं बोलणं संपायच्या आत मी तिला बाजूला सारून दाराबाहेर आले. गाडी सकाळी उभी होती त्या रिकाम्या जागेकडे बघून, डोंगरावर ओरडले होते त्याच्या दुपटीने ओरडले, "अहो, खाली बसा! आज जाऊ नका!" एकदा गेला होता ना माझा आवाज मागे? मग आताही जाऊ दे! वारा नव्हता त्या दिवशी. मधे डोंगर नव्हता, ढग नव्हता. समोरच्या घरातली म्हातारी पडदा सारून बघायला लागली.

आणि ओरडता ओरडताच मला सकाळचं आठवलं.

ह्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. ना डोंगराचं, ना दाराचं. हाक पोचली होती. वेळेवर पोचली होती. ह्यांनी ऐकली होती, आणि सवयीप्रमाणे ऐकून परत आले होते. मीच म्हटलं, निघा.